घरच्याने आधी बोलायचं

अण्णा, काल टाकीच्या ओट्यावर मला आधी बोलावं लागलं. तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. फॅक्टरीच्या फाटकाला कुलूप आहे आणि आत बाभळी माजल्या आहेत. पण मैदान आहे, पाण्याची टाकी आहे आणि तुम्ही लोकांनी घालून दिलेला तो नियमही शाबूत आहे. मोसम सुरू होण्याआधीचा सराव सामना संपला की बघणारे सगळे ओट्यावर जमतात, चहा येतो, आणि एकेका खेळाडूचं नाव निघतं. ज्याचं नाव निघालं त्याच्या घरच्याने आधी बोलायचं, आणि फक्त दोष सांगायचा. गुण सांगायचे ते बाहेरच्यांनी, नंतर. खेळाडूंनी दहा हात लांब गवतावर बसून ऐकायचं, उलट बोलायचं नाही. भांडणं मिटवायला काढलेला नियम होता म्हणे. घरच्याच माणसाने खोट काढली की बाहेरच्यावर कुणी डूख धरत नाही. तुम्हाला तो फार आवडायचा. मला त्याची इतकी चीड होती की पस्तीस वर्षं मी त्या ओट्याकडे फिरकलो नव्हतो. आता लेक खेळते म्हणून जावं लागलं. मुलींचा फुटबॉल संघ आहे अण्णा, आपल्याच मैदानावर. तुम्ही आधी नाक मुरडलं असतं आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसला असता.

सकाळी मी पोहे करत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एका पायावर भार टाकून. बारा दिवसांपूर्वी सरावात उडी मारून खाली येताना तिचा उजवा गुडघा मुरगळला. तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या आईला नाही, संघाच्या मॅडमना तर नाहीच. मला कळलं ते मोरीत वाळत टाकलेल्या पट्टीवरून. तेव्हापासून रोज ती पट्टी करकचून बांधते, वर लांब मोजा चढवते आणि मला डोळ्यांनी दटावते. काल तोंडाने बोलली. ‘‘बाबा, घुटन्याचं नाही बोलायचं हं. दुसरं काहीपण बोल. बोल की आळशी आहे.’’ (मला ती अरे-तुरे करते. तुम्हाला चाललं नसतं, पण आता घरोघरी तसंच आहे.) मी म्हणालो, दाखवू या ना डॉक्टरला. तर म्हणाली, नंतर. पहिल्या सामन्याला राज्याच्या संघासाठी निवड करणारे येणार आहेत, आणि एकोणीस वर्षांखालचं तिचं हे शेवटचं वर्ष. ‘‘उसके बाद टूट भी जाए तो चलेगा,’’ असं हसत म्हणाली. माझ्या हातातला झारा तिथेच थांबला. मी पोह्यांवर शेव घातली आणि बशी पुढे केली. तिने ते हो म्हणून घेतलं. माझी चूक तिथेच झाली. नाही म्हणायचं असेल तर ते शेव घालण्याआधी म्हणायला हवं होतं.

सामना धारच्या मुलींशी होता. त्यांच्यात एक कुक्षी गावाकडची होती, उंचीने बेताची, पण पायात वारं भरलेलं. ती आमच्या डाव्या बाजूने सुटली की सगळं मैदान तिच्या मागे. मी चेंडू बघतच नव्हतो. मी एक गुडघा बघत होतो. पहिल्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही. लेक मधल्या फळीत खेळते, चेंडू तिच्यापाशी येतो आणि शहाण्यासारखा पुढे जातो. मला वाटू लागलं, उगाच घाबरतोय मी, तरुण हाडं आहेत, भरून येतात. मग तिने उजवीकडे वळायचं टाळलं. एकदा, दोनदा, मग दर वेळेला. चेंडू उजवीकडे असला तरी ती डावीकडून गोल फिरून जायची. शेजारी बसलेले लोक म्हणाले, वा, काय चकवते. मला कळलं, ती गुडघा वाचवते आहे. एकदा त्या कुक्षीवालीशी धक्का झाला, लेक पडली, आणि उठण्याआधी तिने कुणाकडे पाहिलं असेल तर माझ्याकडे. मी हात वर करून सामना थांबवायला हवा होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

सामना एक-एक असा सुटला. ओट्यावर चहा फिरला. मॅडम कप घेऊन एका कडेला बसल्या. संघ त्याच ठरवतात, पण हे सगळं ऐकून मगच. आधी गोलकीपरचं नाव निघालं. तिच्या मामीने पदर सावरत सांगितलं की पोरगी मागून आवाजच देत नाही, घरात मात्र सगळ्यांना ओरडत असते. लोक हसले. मग एका रिक्षावाल्या भियाने (इथे अजून सगळे एकमेकांना भियाच म्हणतात) तिचे दोन झेल असे काही वर्णन करून सांगितले की मामीचाच ऊर भरून आला. पुढे खेळणारीच्या भावाने सांगितलं, हिच्या पायात चेंडू आला की ही मान खाली घालते, आजूबाजूला कोण मोकळं आहे ते बघतच नाही. मग तिचेही गुण झाले. म्हणजे नियम नीट चालला होता, अण्णा. दोष एक, गुण चार. मी आपला नावं मोजत बसलो होतो, आणि लेक गवतावर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. तुमचा वेल्डर दोस्त होता तिथे. ऐंशीचा झालाय, काठी आहे, पण जागा तीच, टाकीच्या खांबाला टेकून.

त्याला पाहिल्यावर मी पुन्हा एकोणीस वर्षांचा झालो. तेव्हाही समोर धारचाच संघ होता. मी फॅक्टरीच्या भिंतीकडच्या गोलात उभा आहे. सामना संपायला दहा मिनिटं उरली आहेत. त्यांचा एक दांडगा गडी लांबून चेंडू हाणतो, तो सरळ माझ्या तोंडावर येतो आणि माझ्या कानाजवळून जाळीत जातो. मी लगेच डोळ्यांवर आडवा हात धरतो आणि ओरडून सांगतो, ऊन, ऊन. आम्ही हरतो. ओट्यावर माझं नाव निघतं तेव्हा तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसलेले असता. त्या आठवड्यात तुमची दुसरी पाळी होती. तुम्ही उठला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. ‘‘चेंडू तोंडावर आला की हा डोळे मिटतो,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘डोळे मिटणारा माणूस गोलात ठेवू नका.’’ वेल्डर काकांनी घसा खाकरला, माझा गुण सांगायला तोंड उघडलं, आणि चारचा भोंगा झाला. तुम्हाला माहीत आहे भोंगा झाला की काय व्हायचं. निम्मा ओटा डबे घेऊन उठला, कुणी अर्धा चहा गवतात ओतला, आणि दोन मिनिटांत फाटकाकडे पांगापांग. तुम्हीही गेलात. माझे गुण राहून गेले. दुसऱ्या दिवशी संघ लागला, त्यात गोलकीपर दुसराच होता.

त्यानंतर मी तुमच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. तुम्ही साताऱ्याकडचे, मोडेन पण वाकणार नाही, आणि मी तुमचाच मुलगा. मग एका रविवारी तुम्ही कागदात गुंडाळलेलं काहीतरी जेवणाच्या पाटाजवळ ठेवलंत. वेल्डिंगचे चामडी हातमोजे होते. तळव्यावर टेबल टेनिसच्या जुन्या बॅटचं रबर कापून, दाभणाने शिवून बसवलेलं. टाके अगदी एकसारखे, फिटरचा हात. तुम्ही म्हणालात, उद्यापासून पहाटे मैदानात ये, पहिल्या पाळीच्या आधी तासभर मी तुझ्या तोंडावर चेंडू मारीन, दोन महिन्यांत डोळे मिटायचं जाईल. मी ताटावरून उठलो. म्हणालो, माझ्या डोळ्यांवर ऊन होतं, आणि ते मोजे तुमचे तुम्ही घाला. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. मोजे चार दिवस कोनाड्यात पडून होते, मग आईने ते चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला घेतले. पुढे कितीतरी वर्षं आपल्या घरात आमटी त्याच मोज्यांनी खाली उतरली. तुम्ही समोर जेवत असायचात आणि मी तुमच्याकडे बघायचं टाळायचो. त्यातला दुखावलेला माणूस मी एकटाच आहे असं मला तेव्हा वाटायचं.

काल माझ्या लेकीचं नाव निघालं. रिक्षावाला भिया म्हणाला, ‘‘चलो भिया, घरवाला पहले.’’ मी उभा राहिलो, तुमच्यासारखं बसून बोलणं मला जमलं नाही. आळशी आहे, हे शब्द अगदी ओठांवर होते. तेवढं बोलून खाली बसलो असतो तर सगळे हसले असते, ती माझ्या गळ्यात पडली असती आणि रस्त्यात मला कचोरी खायला लावली असती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान अगदी बारीक हलवली, नको म्हणून. मग मी मॅडमकडे बघून म्हणालो, ‘‘हिचा उजवा गुडघा बारा दिवसांपासून दुखावलेला आहे. ही लपवते आहे, आणि मीही लपवत होतो. डॉक्टरने बघेपर्यंत हिला खेळवू नका.’’ मॅडमना मराठी पुरतं कळत नाही. त्यांनी विचारलं, ‘‘क्या, घुटना?’’ आणि मला ते सगळं हिंदीत पुन्हा एकदा सांगावं लागलं. एकदा सांगताना जेवढं कठीण गेलं त्याच्या दुप्पट दुसऱ्यांदा. माझं वाक्य संपायच्या आत लेक उठली, बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच चालत मैदानाबाहेर गेली. लंगडत गेली, आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

भोंगा आता नाही, अण्णा. म्हणून लोक बसून राहिले आणि नियम पुरा झाला. रिक्षावाला म्हणाला, ही पास देते तो घेणारीच्या धावेच्या पुढे देते, थांबावं लागत नाही. गोलकीपरची मामी म्हणाली, पडलेल्या धारवालीला हिनेच हात दिला. वेल्डर काका म्हणाले, दुखऱ्या पायाने ऐसा खेली तो अच्छे पाय से क्या खेलेगी. मी एकेक शब्द पाठ करत होतो, शाळेतल्या मुलासारखा, कारण जिच्यासाठी ते होते ती निघून गेली होती. सगळं झाल्यावर मी वेल्डर काकांजवळ गेलो. पस्तीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. त्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल काय सांगणार होतात? ‘‘अब वो तो याद नी, भिया,’’ ते म्हणाले. ‘‘तेरे बाबूजी दस दिन वो दस्ताने सी रहे थे, वो याद है. मेरी ही सुई थी.’’ मी त्यांना घरापर्यंत सोडलं.

घरी आलो तर खोलीचं दार लोटलेलं. मी बाहेर उभं राहूनच सगळे गुण सांगितले, रिक्षावाल्याचे, मामीचे, काकांचे. उद्या दहाची वेळ घेतली आहे डॉक्टरांची, म्हणालो. मग दार उघडलं. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, ‘‘तुला काय माहीत कसं वाटतं ते? तुझ्यासोबत कुणी केलं होतं का असं?’’ मी म्हणालो, हो, तुझ्या आजोबांनी. मग तुमची गोष्ट सांगितली, ओटा, डबा, भोंगा, मोजे. आणि सवयीने तेही सांगितलं, जे तिच्या आईला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं, की डोळ्यांवर ऊन होतं. तिने डोळे पुसले. ‘‘कुठल्या गोलात होता तू?’’ भिंतीकडच्या, मी म्हणालो. तिने जरा विचार केला. ‘‘पण बाबा, तिथे तर संध्याकाळी ऊन पाठीवर येतं.’’ रोज खेळते ती तिथे, तिला कोण फसवणार. मी म्हणालो, तेव्हा झाडं वेगळी होती. काय बोललो मी हे, झाडांचा आणि उन्हाच्या दिशेचा काय संबंध? तिने दार लावून घेतलं.

आता सकाळचे सात वाजलेत. ती अजून उठलेली नाही. गुडघ्याचं काय निघेल मला माहीत नाही, आणि निवड करणारे पुन्हा कधी तिला बघतील की नाही हेही माहीत नाही. मी केलं ते बरोबर होतं असं अजूनही छातीठोकपणे म्हणवत नाही. तुम्हाला तरी म्हणवत होतं का? मी तुम्हाला ते कधी विचारलंच नाही, तुम्ही दवाखान्यात होतात ते अडीच महिनेसुद्धा. हे कागद मी कुठे पाठवणार नाही, दहाच्या आत घडी करून डॉक्टरच्या कागदांखाली ठेवून देईन. माझं असलं अक्षर आणि असलं मराठी तिला धड वाचता येत नाही, तिच्या शाळेत सगळी हिंदीच होती. त्यामुळे जे सांगायचं ते रिक्षात बसल्यावर तोंडानेच सांगावं लागेल. तुमच्यापुढे एकदा म्हणून बघतो, म्हणजे तिथे जीभ अडखळणार नाही. ऊन पाठीमागेच होतं, अण्णा. मी डोळे मिटले होते.