अप्पांची मॅकरोनी

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने उत्तर दिलं नाही म्हणून मनातल्या मनात तू मला किती शिव्या घातल्या असशील ते मला ठाऊक आहे. त्यातल्या निम्म्या कमी कर. गोदीत लागोपाठ तीन बोटी दुरुस्तीला आल्या, वेल्डिंगचा मुखवटा उतरवायला फुरसत नाही. नवा फोरमन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि चारचौघांत मला काका म्हणून झापतो. डोकं तापतं, पण गिळतो. घरी येईपर्यंत गिळतो.

मुंगी सहा वर्षांची झाली. पुढचे दोन्ही दात पडलेत, त्यामुळे हसली की तुझ्या लहानपणच्या फोटोसारखी दिसते. मुंगीच्या आईचा मात्र बाथरूममध्ये पाय घसरला. डाव्या हाताला प्लास्टर आहे. कोपराखाली, करंगळीच्या बाजूचं हाड, असं डॉक्टर म्हणाले. तसं किरकोळच.

पत्राचं कारण वेगळंच. अप्पा बोटीवर आचारी असताना शिकून आलेली ती मॅकरोनी करायचे ना, खेकडा आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेली? मी परवा केली, तर सॉसच्या गुठळ्या झाल्या. अप्पा गेले, आई गेली, आता विचारायला तूच. खेकडे फोडायची त्यांची लाकडी हातोडी माझ्याकडे आहे, कृती तेवढी नाही. सगळं क्रमाने लिही. हिला जरा बरं वाटावं, इतकंच.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव म्हणजे झालं.

तुझा,
धाकटा

दि. ६ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये मला वीस वर्षं झाली. घसरून पडणारा माणूस हात टेकतो आणि त्याचं मनगट मोडतं. तोंड वाचवायला हात आडवा धरला की करंगळीच्या बाजूचं ते हाड मोडतं. आईचं दोनदा मोडलं, माझं एकदा. ही थाप जगात कुणालाही मारायचीस, मला कशाला मारलीस, मूर्खा?

आणि वर मॅकरोनी मागतोस. आपल्याकडे ती कुणाच्या वाढदिवसाला झालेली आठवते का तुला? अप्पा मारून दमले की ती व्हायची. तुला क्रमाने हवी ना, घे क्रमाने.

आधी खेकडे. पाणी खळखळलं की जिवंत टाकायचे आणि झाकण दाबून धरायचं, कारण ते वर चढतात. अप्पा डाव्या हाताने दाबायचे, उजव्याची बोटं तोवर सुजलेली असायची. आई मोरीत रक्त थुंकत असायची. मग नांग्या हातोडीने एका घावात फोडायच्या, म्हणजे मांस चेंगरत नाही. आईचा गुडघाही त्याच हातोडीने, एकाच घावात. मॅकरोनी अर्धवट शिजवून निथळायची. लोण्यात मैदा मंद आचेवर परतायचा आणि दूध कोमट, थोडं थोडं घालायचं. तू थंड ओतलंस म्हणून गुठळ्या झाल्या. मग चीज, मिरपूड, खेकड्याचं मांस, वर पावाचा चुरा. ओव्हनमध्ये वरचा थर तांबूस होईस्तोवर अप्पा ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसायचे आणि रडायचे.

तू पाच वर्षांचा होतास. पहिली थप्पड ऐकली की मी पलंगाखाली शिरायचे आणि तू उड्या मारत ताटल्या मांडायचास. चार. तुझा दोष नव्हता, तुला त्यातलं फक्त जेवण कळत होतं.

शेवटची कधी झाली तेही सांगते. अप्पांच्या मानेवरचा डाग बॉयलरच्या वाफेचा नव्हता. मी सोळा वर्षांची होते. ओव्हनमधून भांडं काढलं आणि ते रडत बसले होते तसंच त्यांच्या डोक्यावर पालथं केलं. चीज ओढून काढलं तेव्हा कातडी बरोबर आली. ते किंचाळले आणि मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही आणि ओव्हनही पेटवला नाही.

भावजयीला आणि मुंगीला रविवारच्या बसमध्ये बसव. नाहीतर मी येते, आणि भांडं घेऊन येते. लोभ किती ठेवायचा ते तुझ्या उत्तरावर.

ताई

दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आधी फाडलं. मग तुकडे जुळवून कृती तेवढी उतरून घेतली. इतका मी निर्लज्ज आहे. रविवारी त्यांना बसमध्ये बसवलं नाही, मॅकरोनी केली. एकही गुठळी झाली नाही. मुंगीने दोनदा वाढून घेतली, ही चार घास जेवून छान झाली म्हणाली. मला वाटलं, मिटलं.

काल फोरमनने माझं वेल्डिंग सगळ्यांसमोर मलाच तोडायला लावलं. घरी आलो तर दूध उतू गेलेलं. एका हाताने हिला भांडं उचलवलं नाही, एवढंच. हातोडी भिंतीला लटकत होती. मी मारली, ताई. हिने प्लास्टरचा हात आडवा धरला आणि प्लास्टर उभं फुटलं. ही ओरडलीसुद्धा नाही, भिंतीला पाठ घासत खाली बसली. मी पुन्हा हात उचलला, तेवढ्यात मागे भांड्यांचा आवाज आला. मुंगी स्टुलावर चढून ताटल्या काढत होती. तीन. तिने त्या पुसून टेबलावर मांडल्या, चमचे ठेवले, खुर्चीत बसली आणि आज चीज जास्त घालायला सांगितलं मला.

दोनदाच केली होती मी. दोन वेळांत ती शिकली.

हे पत्र हिच्याच हाती देतो आहे. हातोडी पिशवीत तळाशी आहे. मी मागून येणार नाही. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

धाकटा

दि. १५ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

दोघी पोचल्या. हाड आता दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर मी स्वतः घातलं. भावजयीने पोलिसांत लिहून दिलं, हातोडी मी तिथे टेबलावर ठेवली. ते येतील तेव्हा दार उघड आणि त्यांच्याशी खोटं बोलू नकोस.

काल तुझ्या मेव्हण्यांच्या हातून बादली पडली. आवाजासरशी मुंगीने माझ्या कपाटातून चार ताटल्या काढल्या. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी ओव्हन पेटवला आणि ती मॅकरोनी केली. म्हटलं, या पोरीला ती एकदा तरी नुसती जेवण म्हणून मिळू दे.

वाढल्यावर तिने चमचा उचलला नाही. आधी जपून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आईच्या, मग तुझ्या मेव्हण्यांच्या. कुणालाच ताजं लागलेलं दिसेना, तेव्हा तिने मला हळूच विचारलं, की मारायचं अजून राहिलंय का.

लोभ उरला तर कळवीन.

ताई