जनूच्या आवणात आफ्रिकेचं गवत

पेण, १६ नोव्हेंबर

प्रिय इकबाल,

गवताचा विषय निघाला की फोनवर तुझी रेंज जाते. दोह्यासारख्या शहरात नेमकी त्याच वेळी रेंज जावी, हे मला पटत नाही. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही. फार तर फाडता येतो, तेवढी सवलत तुला आहे.

मुद्दा एकच. जिते गावातल्या तुझ्या बंगल्यापुढचं ते आफ्रिकेचं फाउंटन ग्रास मुळासकट उपटायला मला तुझी परवानगी हवी आहे, आणि ती या आठवड्यात हवी आहे. तुरे पिकलेत. आणखी पंधरा दिवसांनी वारा काही तुझी परवानगी विचारत बसणार नाही. यावर तू म्हणणार, मलिकाच्या आवडीचं आहे, एक काडी हलवायची नाय. तुझी मलिका जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून हे वाक्य तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस, की बंगल्याच्या किल्लीबरोबर तेही माझ्याच खिशात असतं.

एप्रिलमध्ये तूच सांगितलंस, गवत माजलंय, जरा केस कापून घे. मी कापून घेतलं. सहा भारे निघाले. फेकायचे कशाला, म्हणून ते भिंतीपलीकडच्या जनूला राबासाठी दिले. आपण राब विसरलो असलो तरी जनू अजून शेण, पाला, गवत अंथरून जमीन भाजतो आणि मग त्यात भात पेरतो. त्याचा अर्धा तुकडा आदल्या दिवशीच भाजून झाला होता. त्या गार राखेवरून त्याने आपले भारे ओढत पलीकडे नेले. वाटेत तुरे झडले. इतकं मऊ, खतावलेलं अंथरूण त्या बियाण्याला आफ्रिकेतसुद्धा मिळालं नसेल. आणि मी बांधावर उभा राहून स्वतःच्या दानशूरपणावर खूश होतो. साप्ताहिकात वीस वर्षं लोकांच्या मूर्खपणावर लिहिणारा माणूस मी, त्या दिवशी विषय पायाशी पडलेला असून मला दिसला नाही.

जूनमध्ये जनूने मला आवणावर, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर नेलं आणि म्हणाला, “मास्तर, यातला भात कंचा नि गवत कंचा, तुमीच वलखा.” मी ओणवा होऊन, चष्मा पुसून, मोठ्या आत्मविश्वासाने एक काडी उपटली. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. “झाला, हातात होता तो भात पन गेला!” बेणायला, तण काढायला गेलं की गवताबरोबर रोपही निघून यायचं. अर्धं आवण वाया गेलं. लावणीच्या तोंडावर त्याला गागोद्याला सासरवाडीत जाऊन रोपं मागावी लागली. जावई रोपं मागायला आला, यावर तिकडे काय काय बोलणं झालं ते जनू सांगत नाही. मला एका शब्दाने बोलला नाही, इकबाल. शिव्या दिल्या असत्या तर मी निदान उत्तर दिलं असतं. परवा एवढंच म्हणाला, “परत फुललाय. इकबालशेटना सांगा जमला तर.”

बाग उजाड होईल ही भीती नको. बदली गवत शोधायला मी वडखळच्या नर्सरीत गेलो होतो. आपल्याकडचं काही आहे का, असं विचारल्यावर मालक म्हणाला, “साहेब, मेक्सिकन आहे, जपानी आहे. आपलं गवत ठेवलं तर लोक पैसे देतील का? शेळी सोडतील!” शेवटी रोह्याच्या बहिणीकडे गेलो आणि तिच्या मागच्या माळावरून पवन्या आणला, ओढ्याच्या काठचा वाळा आणला. गुरं खातात, मुळं माती धरतात, आणि वाऱ्यावर डोलायचंच असेल तर तेही करतात. माझ्या गच्चीवर दोन्ही तगले आहेत. म्हणजे अडलंय ते फक्त तुझ्या ‘नाय’पाशी.

आता जे लिहितो ते तुला कधी सांगणार नाही, असं मी मलिकाला कबूल केलं होतं. शेवटच्या खेपेला ती ओट्यावर बसली होती, तू औषधं आणायला पेणला गेला होतास. ती म्हणाली, “भावजी, मला हे गवत कधीच आवडलं नाय. दोह्यात गाडीत हे तासभर गप्प होते. काहीतरी बोलावं म्हणून रस्त्याकडेच्या या गवताकडे बघून म्हटलं, छान दिसतंय. तेवढंच यांनी ध्यानात ठेवलं. आता एवढ्या हौसेने लावलंय, तर सांगू नका हां.” मी हसलो आणि गप्प बसलो. एप्रिलमध्येही गप्प बसलो, जूनमध्येही. जनूच्या आवणात तुझ्या तुऱ्यांइतकाच माझा हा गप्पपणा उगवला. म्हणून आज लिहितोय. तू रागावशील, रागाव. पण ते गवत तिच्यासाठी राखत असशील, तर नको राखू. आणि तिला खरंच काय आवडायचं, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव. खड्डे खणून ठेवतो.

शब्द मोडूनही तुझाच,
दत्ता