केसाच्या आतले दाणे

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण राजूरच्या दवाखान्यातला तो बाजाराचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही डॉक्टर, मी नवी नर्स. डोंगरातल्या वाडीवरून एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन येते. पोरीच्या डोक्याला फडकं बांधलेलं. सोडलं, तर रुपयाएवढे दोन चट्टे, केस तुटलेले, वर कोंडा. शाळेत तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. "नायटाच आहे, गोळ्या काढू?" मी विचारलं. "तुला कसं कळलं? आधी बघू," तुम्ही म्हणालात. बाहेर रांग तुंबलेली, आणि तुम्ही चिमट्याने दोन केस उपटून काचेवर ठेवलेत, वर औषधाचा थेंब टाकलात आणि केस आरपार दिसेपर्यंत थांबलात. मग मला सूक्ष्मदर्शकाशी उभं केलंत. केसाच्या आत गच्च भरलेले बुरशीचे गोल गोल दाणे! एवढ्याशा केसात अख्खं गाव वसलेलं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही आईलाही दाखवलंत. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आन् आमी म्हनत हुतो, कुनाची नजर लागली."

पोरीचं वजन करून तुम्ही गोळी ठरवलीत. रोज अर्धी, जेवणानंतर, सायीच्या दुधाबरोबर. "बाई, शेळीचं चालंल?" "चालेल की. पण मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

तीन आठवड्यांनी ती धाकट्याला कडेवर घेऊन आली. "पोरीची खाज गेली. ऱ्हायलेल्या गोळ्या ह्याला देऊ? ह्याच्या बी डोक्यात कोंडा हाय." माझी मान होकाराने हललेली तुम्ही पाहिलीत. दोघांचेही केस काचेवर ठेवलेत. मुलीच्या केसांत दाणे अजून होते, धाकट्याच्या केसांत काहीच नव्हतं. "ह्याला गोळी नको. आणि हिची बंद करायची नाही." ती गेल्यावर मला म्हणालात, "लेकरांचं औषध म्हणजे प्रसाद नव्हे, सगळ्यांच्या हातावर ठेवायला."

दोन महिन्यांनी पोरीने स्वतःच फडकं सोडलं. चट्ट्यांवर मऊ काळे केस आले होते. तरीही तुम्ही दोन केस काचेवर ठेवलेत, आणि ते स्वच्छ दिसल्यावरच गोळी थांबवलीत. आई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "आता येनी घालू?" तिने असं विचारलं, जणू त्यालाही तुमची परवानगी लागणार होती.

तुमची बदली झाल्यावर एकदा, गर्दीत, मी न बघताच एका मुलाला त्याच गोळ्या दिल्या. दुपारी चैन पडेना. त्याच्या वाडीपर्यंत चालत गेले, केस तपासायला आणले, काही नव्हतं. गोळ्या परत घेतल्या. नंतर हे सांगायला म्हणून तुम्हाला तीन पत्रं लिहिली, आणि तिन्हींत फक्त तुमच्या तब्येतीची चौकशी केली.