‘आम्ही’मध्ये कोण कोण

सोनखेडी (माळवा)
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८९४

चि. सौ. छबूस अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. तुझे पत्र पावले. येथे आमची प्रकृती ठीक आहे. पाऊस वेळेवर उघडल्याने ज्वारीची कणसे भरली. कपिला व्याली, कालवड झाली. थंडीची चाहूल लागताच आमचा गुडघा बोलू लागतो, पण आम्ही त्यास उत्तर देत नाही. तुझ्या घरी रावसाहेबांच्या दम्यास उतार पडला असेल अशी आशा आहे.

आता तुझ्या पत्राविषयी. ‘अब्रू’ या शब्दातील पहिला स्वर ऱ्हस्व आहे. तू ‘आब्रू’ असे लिहून ती विनाकारण लांबवली आहेस. ‘जाउबाई’ यातील ‘ऊ’ दीर्घ हवा. त्या तुझ्या थोरल्या आहेत. ‘म्हातारचळ’ हा शब्द मात्र अचूक लिहिला आहेस.

तू विचारतेस, ‘दरबारांनी मास्तरकी धरली हे खरे काय? आणि शाळेची घंटाही आपणच वाजवता काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. घंटा शिपाई वाजवतो.

पुढे तू लिहितेस, ‘भाऊबीजेस येणे झाल्यास आपण मंदिल बांधून, तलवार लावून, मोटारीतून, पुढे भालदार घालून यावे. नाहीतर येऊच नये. जाऊबाईंसमोर मला मान खाली घालायची नाही.’ वाक्यरचना निर्दोष आहे. मजकुराविषयी आमचे म्हणणे असे की, मोटार विटांवर उभी असून तिच्या मागच्या बैठकीवर कोंबडी अंडी उबवीत आहे. भालदार पांडुरंग बसअड्ड्यावर पोहे-जिलबी विकतो. ज्या गळ्याने तो आमच्या नावाचा पुकारा करी, त्याच गळ्याने ‘गरमागरम’ असे ओरडतो. त्याचा खप चांगला आहे. मंदिल आहे, तलवारही आहे. परंतु ती दोन्ही अंगावर चढवून उज्जैनच्या बसमध्ये बसल्यास शेजारच्यास तलवार टोचेल.

तेव्हा भाऊबीजेस आम्ही यावे की न यावे, एवढाच प्रश्न उरतो. तो तुझ्या हाती आहे. त्याआधी मास्तरकीची हकीकत तुला परक्याकडून न कळता आमच्याकडून कळावी, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षअखेरीस दिल्लीने कायदा करून आमच्या नावामागील संस्थानिकाची उपाधी काढली, हे तू जाणतेसच. उपाधी हे विशेषण. विशेषण काढले तरी नाम उरते, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. परंतु नामाने दिवसभर करावे काय, हे कोणत्याही व्याकरणात सांगितलेले नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचावे, त्यातील चुका तांबड्या शाईने दुरुस्त कराव्यात आणि ते रद्दीत टाकावे, असे सहा महिने चालले.

आषाढात तीर्थरूप आबासाहेबांनी काढलेल्या शाळेतील मराठीचे जोशी मास्तर मुलाकडे नागपुरास गेले. शाळेने दारावर फलक लावला : ‘मराठी विषयाकरीता शिक्षक पाहीजे.’ एका वाक्यात दोन चुका, आणि त्याही मराठीच्या शिक्षकासाठी! आम्ही त्या दाखवण्यास आत गेलो. हेडमास्तर पुराणिकांनी खुर्ची पुसली, पुन्हा पुसली, आणि हात जोडून म्हणाले, “सरकार, रागावू नका, पण एक बोलतो. चुका काढणारे पुष्कळ मिळतात. चुका होऊ न देणारा कुठून आणू?”

आम्ही विचारले, “सातवीचे तास कोणते?”

पहिल्या दिवशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकताच सर्वजण उभे राहिले आणि उभेच राहिले. भिंतीवर आबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आम्ही, आणि समोर हातात चहाची कपबशी धरून अटेन्शनमध्ये उभे ड्रिलचे मास्तर भेरूलाल! शेवटी तेच म्हणाले, “सरकार, एकतर बसा म्हणा, नाहीतर चहा प्या म्हणा. दोन्ही राहिलं तर चहाही गार होईल आणि आम्हीही.”

दसऱ्याचा दरबार आम्ही भरवला नाही, हे तुझ्या कानी आले असेलच. त्याविषयी पुढे लिहितो. आधी सर्वनामांचा पाठ.

आम्ही वर्गात जन्मभराच्या सवयीने बोलत असू. ‘आम्ही फळ्यावर लिहितो’, ‘आम्हांस ऐकू आले नाही’. मुले तोंडावर वही धरून हसत. पुरुषवाचक सर्वनामे शिकवताना तिसऱ्या बाकावरील कुमुद उभी राहिली. हुजऱ्यांची नात, तिच्या आजोबांनी आमच्यामागे पाण्याची सुरई वाहिली आहे.

“सर, तुम्ही ‘आम्ही’ म्हणता त्यात आम्ही येतो का?”

प्रश्न व्याकरणाचा होता, म्हणून आम्ही व्याकरणाने उत्तर दिले. “येत नाही. ‘आम्ही’मध्ये बोलणारा आणि त्याच्या बाजूची माणसे येतात. ऐकणारा बाहेर राहतो. ऐकणाऱ्यासही आत घ्यायचे असेल तर ‘आपण’ म्हणावे.”

ती बसली नाही. बोटे मोजण्यासाठी पुढे धरून तिने विचारले, “मग सर, तुमच्या ‘आम्ही’त अजून कोण कोण आहे?”

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. सर्वजण खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. तुझ्या वहिनीसाहेबांना जाऊन किती वर्षे झाली हे तुला ठाऊक आहे. मुले आम्हांस देवाने दिली नाहीत. मी माणसे शोधू लागलो, छबू, आणि मला एकही सापडले नाही. मग घंटा झाली. ती शिपायानेच वाजवली.

या पत्रात येथून पुढे वचन बदलले आहे. तो हस्तदोष समजू नये.

दसऱ्यास मी गादी मांडली नाही. पूर्वी त्या दिवशी सारे गाव येऊन माझ्यापुढे सोने ठेवी. आपट्याच्या पानांचा माझ्या गुडघ्याइतका ढीग होई. यंदा ध्यानी आले की, जन्मात मी स्वतः एकासही सोने दिलेले नाही. गादीने घ्यायचे असते, द्यायचे नसते. संध्याकाळी मी खिशात पाने घातली आणि पायी भेरूलालच्या घरी गेलो. त्याची आई दारातच खाटेवर बसली होती. तिला आता दिसत नाही.

“कोण आलंय रे भेऱ्या?”

भेरूलाल गडबडला. मी ओठांवर बोट ठेवले. तो म्हणाला, “आपले मास्तर आलेत, जीजी. सोनं द्यायला.”

“आपले? मग उभं काय केलंयस, मेल्या? बस रे बाबा. बाफले उतरवलेत, तूप घालून दोन खाऊन जा. शाळेत पोरं छळत असतील!”

“छळतात, जीजी,” मी म्हणालो.

“छळू दे. मोठी होतील, मग कोणी विचारायचं नाही.”

मी खाटेच्या कडेवर बसलो. मला ‘बस’ असे कोणी म्हणून किती काळ लोटला होता, ते आठवेना. लोक ‘विराजावे’ म्हणत. वरणात कणकेचा बाफला कुस्करताना भेरूलालचा ‘आपले’ हा शब्द माझ्या मनात फिरत होता. ‘आपण’ची षष्ठी. साधी षष्ठी.

आता जे लिहायचे टाळीत होतो ते लिहितो.

पागेमागच्या चिंचेवर आपण दोघे चढत असू, ते तुला आठवत असेल. ‘दादा, तू वर जा, मी ओचा धरते’, ‘दादा, आपण पळू, दिवाणजी आले’ असे तुझे चाले. आबासाहेब गेले आणि मला गादीवर बसवले, त्या दिवशी तू तबक घेऊन पुढे आलीस. आईसाहेबांनी तुला पढवले होते. खाली पाहून तू म्हणालीस, “आपण दूध घ्यावे.” माझ्या डोळ्यांना पाणी आले. दरबाराने ते वडिलांसाठी समजले. तसे नव्हते. मी सतरा वर्षांचा होतो आणि माझे या जगातील शेवटचे माणूस माझ्यादेखत आदरार्थी बहुवचनात गेले होते.

त्यानंतर तू मला कधी ‘तू’ म्हटले नाहीस. प्रत्येक भाऊबीजेस चांदीचा पाट वेगळा, रांगोळी वेगळी, आणि ‘आपण जेवावे’. मी जेवत असे. तू उभी राहून वाढीत असस.

जाऊबाई हसतील, हे खरे आहे. त्या हसल्या तर त्यांना सांग की, आमच्या दादास नोकरी लागली. माझ्या ऐकण्यात हे वाक्य कोणाही बहिणीने मान खाली घालून म्हटल्याचे नाही.

मंदिल मी घालणार नाही. कोट स्वच्छ असेल. बाहीवर थोडा खडू असेल, तो जात नाही. उत्तरास लांब मजकूर नको, एक वाक्य पुरे. मराठीत ‘आपण’ दोन आहेत. एक मानाचा, दुसरा सोबतीचा. रूप एकच, अर्थ क्रियापदावरून ठरतो. तू ‘आपण जेवावे’ असे लिहिलेस तर मी समजेन, येथेच थांबेन, आणि तुझ्यावर माझा राग असणार नाही.

आणि ‘आपण जेवू’ असे लिहिलेस तर पहिल्या बसने निघेन. शुद्धलेखनाकडे यंदा पाहणार नाही.

मी,
तुझा दादा