उत्तर माहीत नसलेला प्रयोग

वन्सं, नमस्कार.

"शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नळ्या धुणार? मग घरची भांडी काय वाईट होती?" असं तुम्ही माझ्या लेकीला सगळ्यांसमोर विचारलंत. पहिला आठवडा तिने नळ्याच धुतल्या. मग प्रयोग हाती आला, पण आकडे दर वेळी वेगळेच. शेवटी तिने प्राध्यापकांना विचारलं, "बरोबर उत्तर किती यायला हवं?"

ते हसले. "बाई, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर करतोय."

घरी येऊन म्हणाली, "आई, मी उद्यापासून जात नाही. मला पुस्तकातलीच उत्तरं काढता येतात."

मी म्हटलं, "तुझे बाबा गेल्यावर मला तरी कुठे उत्तर माहीत होतं? रोज उठून करत गेले."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली, सुट्टी संपेपर्यंत जात राहिली.

काल शाळा उघडली. एका मुलीने काही विचारलं, तर ही वर्गात म्हणाली, "मला माहीत नाही. चला, करून बघू." घरी आल्यावर तिच्याच तोंडून हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हे तिच्या बाबांना सांगायचं होतं. ते नाहीत, म्हणून त्यांच्या बहिणीला लिहिलं. पाठवलं तर टोमणा वाटेल, म्हणून पाठवणार नाही. पण एकदा घरी या. हे सांगताना ती अगदी तुमच्या दादांसारखी हसते.

तुमची वहिनी