बाटलीतला गमछा

उंद्री, मंगळवार, दिवेलागण

आज सासूबाईवर ओरडली.

शेजारणीनं त्यायले मच्छरांचा सापळा शिकवला. कापलेल्या बाटलीत गुळाचं पाणी, खमीर अन् घामाच्या वासाचा कपडा. मी अंगणवाडीतून आली तं बाटली तयार. आत ह्यायचा गमछा!

हे गेले तवा तेरवीले सारे कपडे देऊन टाकले. हा एकच गमछा मी न धुता उशीच्या खोळीत लपवला होता. वावरातल्या घामाचा वास होता त्याले. रोज झोपताना हुंगत होती.

"गुळाच्या पाण्यात काऊन बुडवला?"

"खोळ धुवाले काढली तं सापडला. वाटलं, धुवाचा राह्यला असन. घामट होता व."

घामट! त्यायच्याच पोराचा घाम.

गमछा काढला, पिळला, नाकाले लावला. नुसता गूळ. सासूबाईनं तो माझ्या हातातून घेतला, डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगला. मंग हळूच म्हणाल्या, "मले तं येते व त्याचा वास."

खोटं बोलल्या का? माह्यासाठी?

आता गमछा दांडीवर वाळत हाय. मच्छर त्याच्यावरच येऊन बसून राह्यले. मी एकही मारला नाही.