नऊ जोड्या, उभ्या मापाच्या

मी, या गल्लीच्या टोकाला बुटांचे दुकान चालवणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतो, पण कापऱ्या हातानेही सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवते. वकिलांनी समोर बसून पाहिले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. भाचीच्या नवऱ्याने टाकून पाहिला होता, त्याचे काय झाले ते त्याला विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि देहाचा एकूण रागरंग पाहता शेवटचे.

वकिलांनी बजावले आहे की वस्तूचे नाव घ्यावे, ती कोणाला ते लिहावे, मध्ये गोष्टी सांगत बसू नये. मी मान डोलावली आहे.

कलम १. दुकान, मागची खोली, वरची खोली आणि जिना हे सगळे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला. ती इस्पितळात नर्स आहे, दिवसभर पायांवर उभी असते, म्हणून माझा तिच्यावर जीव. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. मात्र ती राहत असेपर्यंत खिडकीखालचे लांब बाक जागचे हलवू नये. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. आऱ्या, हातोडी, मेणाचा गोळा आणि बाबांची रापी, म्हणजे कातडे कापायचे पाते, समोर छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंना. रापी घासून घासून निम्मी उरली आहे, पण अजून केस उभा चिरते. बाई माझ्याशी चार वर्षे बोललेल्या नाहीत. चूक माझी होती. आता हत्यार दिल्यावर तरी बोलतील, आणि मी उलट बोलू शकणार नाही, म्हणजे दोघींचेही समाधान.

कलम ३. लोखंडी शेगडी जावईबापूंना, म्हणजे भाचीच्या नवऱ्याला. एका थंडीत त्यांनी फळीवरची कलबुते पाहून हात चोळले आणि म्हणाले, "मावशी, जळण बरंच साठवलंय की!" शेगडी त्यांची. जळण नाही.

कलम ४. कलबुते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बूट हवेत शिवता येत नाही. आधी पायाच्या मापाचा लाकडी पाय कोरायचा, त्याच्यावर कातडे ताणायचे. त्या लाकडी पायाला कलबूत म्हणतात. गिऱ्हाईक असेपर्यंत त्याचे कलबूत दुकानात राहते. माझ्या वरच्या फळीवर नऊ जोड्या आहेत. त्यांतल्या आठ जोड्यांचे धनी बासष्ट वर्षांपूर्वी परमुलखातल्या एका खंदकात राहिले.

त्यांची नावे चौकातल्या दगडावर आहेत, ती तिथे वाचावीत. दगडावरून पायांची ओळख होत नाही, ती माझ्याकडे आहे. दूधवाल्यांचे जुळे: चेहऱ्याने एक, पण धाकट्याचा डावा अंगठा वाकडा. लंबू: एवढा उंच माणूस आणि पाऊल बाईसारखे. बँडमधला ढोलवाला: सपाट तळवे, ओल्या जमिनीवर पूर्ण ठसा उमटायचा. शाळेचा घंटेवाला. छापखान्यात खिळे जुळवणारा. त्याच्या टाचा सगळ्यांत मऊ होत्या, बसून काम ना. माझा दादा: माझ्याच पायाची मोठी प्रत. आणि घड्याळजी, घड्याळे दुरुस्त करणारा, ज्याच्या पावलाची कमान इतकी उंच की खालून चिमणी निघून जाईल. नववा बेकरीवाला. तो परत आला. त्याच्याबद्दल कलम ७.

लढाईवर जाताना सरकारी बूट मिळायचे, पण ते दगडासारखे, म्हणून गल्लीतल्या नऊजणांनी ठरवले की बूट आपल्याच दुकानाचे न्यायचे. बाबा तापाने अंथरुणाला खिळले होते. मी एकोणीस वर्षांची. त्यांनी मला उशाशी बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. "माप संध्याकाळी घे, पाय दिवसभरात फुगतो. दोन मोजे घालायला लाव. आणि उभं करून घे गं, उभं करून."

ते आले सकाळी. मोजे कोणीच आणले नव्हते. आणि मी त्यांना बाकावर ओळीने बसवूनच मापे घेतली.

याचे कारण मी कोणाला सांगितलेले नाही, बाबांनाही नाही. उभे राहून माप देताना गिऱ्हाईक एका पायावर भार टाकतो आणि तोल सांभाळायला खाली बसलेल्या कारागिराच्या खांद्यावर हात ठेवतो. आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. बाकीच्या आठजणांनी हात ठेवला असता तर मला काडीचाही फरक पडला नसता. पण उरलेल्या एकाने, घड्याळजीने, सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवला असता, तर माझा चेहरा लाल झाला असता, आणि दादाने तिथेच गल्ली गोळा केली असती. म्हणून मी म्हटले, "बसा, बसूनच होईल." ते बसले, हसत होते, पाय हलवत होते. मी कागदावर पेन्सिलीने पावले काढली. माझ्या लाजेपायी नऊ माणसांची मापे बसून घेतली गेली.

पंधरा दिवसांत आई आणि मी नऊ जोड्या उभ्या केल्या. आई वरचे कातडे शिवायची, मी तळ. घालून पाहताना सगळे म्हणाले, थोडे घट्ट आहेत, नवे आहेत, सुटतील. मीही तेच म्हणाले. ते गेल्यावर बाबा बरे होऊन दुकानात आले, त्यांनी कागद उजेडात धरले आणि विचारले, "हे बसून घेतलंस?" पुढे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "उभा माणूस वेगळा असतो गं."

दादाचे एक पत्र आले. ते पत्र्याच्या पेटीत आहे, भाचीने ठेवावे. त्यात लिहिले आहे: इथे पाणी कधी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. बूट काढला की पाय फुगतो आणि परत आत जात नाही, म्हणून काढतच नाही. बाकी मजेत. त्यानंतर पत्र नाही, आणि एका आठवड्यात गल्लीत आठ तारा आल्या.

बाकी घर, शेगडी, छत्रीवाल्या बाई हे सगळे होईल तसे होईल. मला मरण्याआधी एकच गोष्ट कळायला हवी आहे. माझ्या बुटांनी त्यांचे पाय धरून ठेवले होते का? पळायच्या वेळी त्यांना पळता आले का?

कलम ५. हे कलम वकिलांनी खोडायला सांगितले. खोडत नाही.

दुपारी मांडीवर कातडे असतानाच माझा डोळा लागतो. मग समोरची भिंत विरघळते, साखर पाण्यात विरघळते तशी, आणि गल्लीच्या रुंदीचा एक लांबच लांब खंदक दिसतो. त्यात पाणी असते, पण गढूळ नसते. तळाची पेन्सिल दिसावी इतके स्वच्छ. काठाने माझेच बाक मांडलेले असते, मैलभर लांब. नऊजण पाण्यात पाय सोडून बसलेले असतात. मी कागदाची पट्टी घेऊन पाण्यातून एकेकापाशी जाते. पट्टी गुंडाळू लागले की पाऊल वाढते. पट्टी अपुरी पडते. मी म्हणते, "उभे राहा रे, उभे राहा." ते माझ्याकडे बघून हसतात, आणि कोणी उठत नाही. वरून कुठून तरी पिठासारखे काही तरी भुरभुरत असते, त्यांच्या केसांवर बसत असते. दादा शिट्टी वाजवतो. ते सूर मी जागेपणी कधी धरू शकले नाही.

वर्षानुवर्षे हेच स्वप्न. मला त्याची भीती वाटत नाही. मला तिथे जायला आवडते, हेही लिहून ठेवते.

कलम ६. म्हणून मी नऊही जोड्यांची कलबुते पुन्हा केली. जुनी फेकली नाहीत. त्यांच्याच बाजूंना कातड्याच्या पातळ चकत्या डकवून ती रुंद केली, चवड्याला जास्त, टाचेला कमी. उभ्या माणसाचा पाय किती पसरतो हे साठ वर्षे लोकांचे पाय हातात घेऊन मला आता अंगवळणी पडले आहे. दोन मोज्यांची जागा धरली. संध्याकाळची सूज धरली. मग त्या कलबुतांवर नऊ जोड्या नव्याने शिवल्या. गिऱ्हाइकांची कामे सांभाळून एकेका जोडीला दोन दोन वर्षे गेली. शेवटची, घड्याळजीची, गेल्या हिवाळ्यात झाली. तिचे टाके मी तीनदा उसवले, काही चुकले नव्हते तरी.

स्मारक समितीच्या अध्यक्षांना कुठून तरी वास लागला. ते येऊन म्हणाले, "बाई, हे बूट काचेच्या कपाटात शोभतील." ज्या गृहस्थांनी चौकातल्या पितळी शिपायाच्या बुटांना नाडीची भोके एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सात ठेवली, त्यांना मी जोडा देईन, पण हा नव्हे. समितीला माझ्याकडून काहीही जाऊ नये.

आठ जोड्या ज्याच्या पायाला बसतील त्याच्या. कोणीही असो. माप भाचीने घ्यावे: संध्याकाळी, दोन मोजे घालून, उभे करून, आणि त्या माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ठेवू द्यावा. घेणाऱ्याला अट एकच. बूट घालून गावाबाहेर जायचे, वाटेल त्या रस्त्याने, वाटेल तितके, आणि परत यायचे. परत यायचे हे महत्त्वाचे. मग बूट त्याचे.

लाकडी कलबुते फळीवरच राहू द्यावीत, चवडे दाराकडे करून. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवावा.

आणि एक सांगायचे राहिले. शेवटची जोडी पुरी झाल्यावर चार दिवसांनी स्वप्नात ते उठले. सगळे नाही. आधी लंबू, मग जुळे एकदम, मग दादा. घड्याळजी सर्वांत शेवटी. तो पाण्यातून माझ्यासमोर आला आणि त्याने तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताला वजन होते. मी जागी झाले तेव्हा डावा खांदा गरम होता आणि उजवा गार. उन्हाची तिरीप आली असेल, असे भाची म्हणते. म्हणू दे.

कलम ७. नववी जोडी बेकरीवाल्याची. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि बेकरीवाला साक्षीदार आहे. माझे म्हणणे असे की मी त्याला काही देतच नाही. त्याने बूट सांगितले होते, मी ते चुकीचे दिले, आता बरोबर देते आहे. उशीर झाला एवढेच.

हा माणूस पायाची दोन बोटे तिकडे ठेवून परत आला. तेव्हापासून रोज सकाळी दारात पाव ठेवतो, आणि मी विचारले की ताकास तूर लागू देत नाही. "बूट कसे होते रे?" "फस्क्लास होते." बासष्ट वर्षे फस्क्लास! मी त्याची चाल बघते. बूट शिवणारीला चाल बघून पाऊल कळते. तो खोटे बोलतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो माझ्यावर दया करतो असे वाटून मला त्याचा राग येतो, आणि पाव मात्र मी खाते.

तेव्हा माझी शेवटची इच्छा त्याच्यापाशी आहे. त्याने सही करण्याआधी खाली खरे काय ते लिहावे. कसेही असो. मी समोरच बसलेली आहे, पळून जाणार नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि कलम ५ ला ते दोनदा थांबले.

ठिकाण: दुकान, खिडकीखालचे बाक.
तारीख वकिलांनी घालावी. मला आज सोमवार आहे आणि संध्याकाळ आहे एवढेच ठाऊक.

सही: बूट शिवणारी

साक्षीदार १: छत्री दुरुस्त करणारी, समोरचे दुकान. (सही केली. रापी आजच दिली तर बरे.)

साक्षीदार २: बेकरीवाला. सांगितल्याप्रमाणे लिहितो.

बूट घट्ट होते. सगळ्यांचेच. तिसऱ्या आठवड्यात हिच्या दादाने माझ्या पाव कापायच्या सुरीने एकेकाचे बूट पुढून चिरले. चिरताना तो म्हणाला, "घरी गेल्यावर तिला सांगू नका रे, रडेल." आम्ही सगळ्यांनी शब्द दिला. तो पाळायला मी एकटाच उरलो, म्हणून फस्क्लास म्हणत आलो. दया वगैरे नाही.

घड्याळजीने आपले चिरू दिले नाहीत. म्हणाला, "तिनं माप घेतलंय, राहू दे."

त्या दिवशी खंदकाची भिंत वरून खाली आली. चिरलेले बूट, न चिरलेले बूट, कोणालाच पाऊल उचलायला वेळ मिळाला नाही. मी पाणी आणायला गेलो होतो. बोटे माझी थंडीने गेली, चिरलेल्या बुटातून. हे खरे आहे.

हे तिने वाचले. मग म्हणाली, "ऊठ, उभा राहा." मी दोन मोजे घालून, नवी जोडी चढवून उभा आहे. कुठेही लागत नाही. सही वेडीवाकडी आली आहे, कारण ती डाव्या हाताने केली. ती खाली बसून माझा चवडा दाबून बघते आहे, आणि माझा उजवा हात तिच्या खांद्यावर आहे.